इंदूर–उज्जैन लोकल: रूळ झाले दुहेरी, आता फेऱ्या हव्यात

सेवा: इंदूर–उज्जैन मेमू (विजेवर धावणारी लोकल) आणि पॅसेंजर गाड्या. माझी चढण्याची जागा इंदूरचं लोकमान्य नगर, नोकरी उज्जैनला. पाचपैकी साडेतीन तारे.

आधी पैशांचं बोलते, कारण महिन्याचं गणित त्यावरच बसतं. साध्या गाडीचं किमान भाडं दहा रुपये आहे आणि मासिक पास काढला की बसचा विचारही करावासा वाटत नाही. आमच्या डब्यात अपडाउन करणारे बहुतेक पासवालेच. शिक्षक, नर्स, बँकेतले, कॉलेजची मुलं, फुलांच्या टोपल्या घेऊन महाकालला निघालेल्या बायका. मेमू थांबल्यावर वेग पटकन धरते, त्यामुळे अजनोदसारख्या लहान स्टेशनांवर थांबूनही प्रवास रेंगाळत नाही. फतेहाबादकडून गेलात तर उज्जैनच्या अलीकडे चिंतामण गणेश स्टेशन लागतं. बुधवारी तिथे उतरणारे पुष्कळ, आमचे जोशीकाका तर बुधवार चुकवतच नाहीत.

उज्जैनला जायला दोन वाटा आहेत, हे नव्या माणसाला सांगायला हवं. एक देवासवरून, साधारण ८० किमी. दुसरी फतेहाबादवरून, ती जवळची. फतेहाबाद–उज्जैन हा २३ किमीचा तुकडा मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांचा होता. तो ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा होऊन १५ नोव्हेंबर २०२१ ला लोकार्पण झालं आणि इंदूर–उज्जैन मेमूही त्याच दिवशी सुरू झाल्या. देवासवाटेचं दुहेरीकरण फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्ण म्हणून जाहीर झालं. मांगलिया, बरलई, कडछा ही नावं आम्हाला पाठ आहेत ती क्रॉसिंगमुळे. एकेरी रुळावर समोरून गाडी येत असली की एकीला स्टेशनात बाजूला उभं राहावंच लागतं. आणि उभी राहते ती नेहमी पॅसेंजर, एक्सप्रेस नव्हे. दुसरा रूळ पडला की हे थांबणं संपतं. वेळापत्रकात नव्या गाड्यांना जागा होते ती इथेच.

माझा दीड तारा इथे अडला आहे. जागा झाली, पण ती रोजच्या माणसासाठी कोण मागणार? लांब पल्ल्याच्या गाड्यांचं उत्पन्न मोठं, म्हणून नवीन रूळ आधी त्या भरतात. लोकलच्या तिकिटातून खर्च निघत नाही, हे रेल्वेचं म्हणणं खोटं नाही. म्हणूनच शहरानं आणि राज्यानं आपला वाटा उचलायला हवा, असं मला मनापासून वाटतं. मुंबईत १९९९ साली रेल्वे विकास महामंडळ निघालं, त्यात रेल्वेचा हिस्सा ५१ टक्के आणि महाराष्ट्र सरकारचा ४९. उपनगरी मार्गांवर जादा रूळ टाकले गेले ते या भागीदारीतून. हैदराबादच्या एमएमटीएस या लोकल रेल्वेच्या दुसऱ्या टप्प्यात तर राज्यानं दोन तृतीयांश खर्च पत्करला. मग तिथलं सरकार फेऱ्यांबद्दल बोलू शकतं, कारण पैसा त्याचाही आहे.

इंदूरला ही गोष्ट नवी नाही. १८७० मध्ये तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडव्याहून इंदूरपर्यंत लोहमार्ग आणायला ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्ज देऊ केलं. त्या पैशातून विंध्याचे बोगदे फुटले, नर्मदेवर पूल उभा राहिला आणि १८७६ मध्ये महाराजांच्याच हस्ते तो खुला झाला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी इंदूर–नीमच मार्गाला ७५ लाख दिले. उज्जैनची फतेहाबादवरून जाणारी शाखा त्याच योजनेतली, तीही १८७६ चीच. आज माझी मेमू ज्या वाटेने धावते ती या दोन दरबारांनी पैसे मोजून आणलेली वाट आहे. चिंतामण गणेश जवळ आलं की मला दर वेळी हे आठवतं आणि छाती भरून येते.

आणि आपण मेट्रोला पैसे देतोच आहोत. सुमारे ३१ किमीच्या मार्गाला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली, ३१ मे २०२५ ला सुपर कॉरिडॉरवर पहिला तुकडा सुरूही झाला, आणि मेट्रोच्या कंपनीत राज्य निम्म्याचं भागीदार आहे. मेट्रो हवीच. पण महू, राऊ, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सैफी नगर ही स्टेशनं आजच रुळावर उभी आहेत. त्यांच्यासाठी बोगदा खणायला लागत नाही.

इंदूर स्टेशन एका बाजूला सियागंज, दुसऱ्या बाजूला छोटी ग्वालटोली, यांच्यामध्ये दाबलेलं आहे. तिथे लोकल येऊन उलटी फिरायची तर प्लॅटफॉर्म अडतो. महूहून निघालेली गाडी इंदूरला पाच मिनिटं थांबून सरळ उज्जैनला गेली तर तोच प्लॅटफॉर्म लगेच मोकळा होतो, आणि आमच्यासारख्यांना गाडी बदलावी लागत नाही. महापालिकेकडे माझं मागणं अगदी साधं आहे: लोकमान्य नगर आणि राजेंद्र नगर स्टेशनपर्यंतच्या रस्त्यावर दिवे, फूटपाथ, स्कूटर ठेवायला जागा आणि गाडीच्या वेळेला जुळणारी सिटी बस. संध्याकाळी एकटी बाई निर्धास्त घरी पोहोचली तरच ती दुसऱ्या दिवशी गाडीने जाईल. उज्जैनच्या २०२८ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी रेल्वेची आणि राज्याची कामं चालू आहेत. सिंहस्थातली गर्दी सोडून बाकीच्या वर्षांसाठी काय उरणार, हे नगरसेवकांनी आताच विचारावं. मी आमच्या वॉर्डात अर्ज दिला आहे, सोसायटीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन.

नव्याने पास काढणाऱ्यांना एकच सांगते. पासावर मार्ग छापलेला असतो. फतेहाबादवरून काढलेला पास देवासवरून जाणाऱ्या गाडीत चालेल असं धरून चालू नका. आपली परतीची गाडी कोणत्या वाटेची आहे ते खिडकीवर विचारून मगच पैसे भरा.