संत्र्याच्या बगीच्यातलं वाईन टेस्टिंग, आम्ही सहा जणी जाऊन आलो

पहिलेच सांगते, हे वाईन टेस्टिंग, म्हणजे थोडी थोडी वाईन चाखून चव ओळखायचा कार्यक्रम, जी ताई आपल्या बगीच्यात घेते तिचं नाव आणि नंबर टाकत नाहीये. दारूच्या जाहिरातीवर आपल्याकडे बंदी आहे आणि वाईन पण त्यातच येते, त्यामुळे ताईच म्हणाली की अनुभव लिहायचा तर लिहा पण माझा पत्ता नका टाकू. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी-वरुड पट्ट्यात कोणाला जायचंच असेल तर विचारत विचारत सापडेल, आम्हाला पण तसंच सापडलं. पैसे आम्ही पूर्ण दिले, पिणाऱ्या पाच जणींनी माणशी 900 रुपये, म्हणून जे आवडलं ते आणि जे खटकलं ते, दोन्ही लिहिते.

मी दारूच्या बाजूची बाई नाही. आमच्या गावात उभी बाटली आडवी बाटली मतदान झालं तेव्हा मी आडव्या बाटलीलाच, म्हणजे बंदीलाच, मत दिलं होतं आणि आज झालं तरी तिलाच देईन. दारूनं घरं कशी बसतात ते आपल्या भागातल्या बायांना कोणी शिकवायला नको, गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 मध्ये उठली, आणि आमच्या इथून वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वर्धा जिल्हा, तिथेही बंदीच. म्हणून भिशीच्या ग्रुपमध्ये एकीने वाईन टेस्टिंगचं काढलं तेव्हा मीच सगळ्यात जास्त नाही नाही म्हणत होती. सासूबाई तर सरळ म्हणाल्या, "काहून वं, आता तुम्ही बाया बी प्याले जानार का?" मी म्हटलं आई, पाहून येते, नाही पटलं तर तशीच परत येईन. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण अडवलं पण नाही.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. आंबिया बहाराची फुलं सुटलेली, बगीच्यात शिरलं की वासानेच जीव गार होतो, आम्हाला वाटलं झाडाखालीच सतरंजी टाकून बसवेल. तर ताई म्हणाली नाही, आत चला, या वासापुढे ग्लासातला काहीच वास येणार नाही तुम्हाला. आणि आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवलेलं की गजरा नको, सेंट नको, डोक्याला वासाचं तेल नको. आमच्यातली एक काकू तरी थंड तेल लावून आलीच, तिला खिडकीजवळ शेवटी बसवलं, पण असं की तिला वाईट नाही वाटलं. ही बाई माणसं सांभाळायला जाणते हे मला तिथेच कळलं.

बसल्या बसल्या पहिले कागद. त्या दिवसाचा एक्साइजचा, म्हणजे दारू खात्याचा परवाना भिंतीवर लावलेला, आमचे प्यायचे परवाने तिने काढून ठेवलेले, आधार पाहिलं (वाईनला आपल्या राज्यात 21 वर्षं पूर्ण लागतात). मग प्रत्येकीला विचारलं, कोणती गोळी चालू आहे का, कोणी पोटुशी आहे का, परत जाताना गाडी कोण चालवणार. माझ्या जावेची बीपीची गोळी चालू आहे, तिला म्हणाली तुम्ही नुसता वास घ्या आणि तिच्यासाठी द्राक्षाचा रस आणला, तिचे पैसे पण अर्धेच घेतले. आमच्यातल्या एकीच्या घरी नवरा पितो, ती येताना गाडीत एक शब्द बोलली नव्हती. हे सगळं पाहिल्यावर ती माझ्या कानात म्हणाली, "इथं तं पाजण्यापेक्षा विचारनंच जास्त हाय वं." मला हे वाक्य पूर्ण दिवसात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

पाच वाईन होत्या, सगळ्या नाशिककडच्या. प्रत्येक 50 मिली, म्हणजे तळाशी दोन बोटं पण नाही. हलकी पहिले, जड नंतर, गोड सगळ्यात शेवटी. ग्लास दांडीला धरायचा, पांढऱ्या कागदावर तिरपा करून रंग पाहायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, मग एक घोट तोंडात सगळीकडे फिरवून गिळा नाहीतर थुंका. थुंकायला प्रत्येकीजवळ स्टीलचा डबा. पहिले सगळ्या लाजल्या, चारचौघीत थुंकायचं कसं, मग ताईने स्वतः थुंकून दाखवलं आणि म्हणाली मी कधी कधी दिवसाला दोन बॅच घेते, सगळं गिळलं तर दुसऱ्या बॅचला उभी कशी राहू.

आता खरी गोष्ट. ती पुस्तकातले शब्द आमच्यावर टाकत नाही. सोव्हिन्यॉ ब्लां नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन ओतली आणि काहीच न सांगता विचारलं, तुमच्या स्वयंपाकघरातलं काय आठवतं? दोन मिनिटं सगळ्या गप्प. मग शाळेत खिचडी शिजवणारी आमची मैत्रीण म्हणाली हिरवी मिरची, नुकती मोडलेली, ठेच्यात घालायच्या आधीची. ताईने टाळीच वाजवली, म्हणाली या द्राक्षात तो वास खरंच असतो, हिरव्या मिरचीचा, ढोबळीचा, कापलेल्या गवताचा, मोठे मोठे परीक्षक पण हेच लिहितात. शेनिन ब्लां या दुसऱ्या पांढरीमध्ये पिकला पेरू सगळ्यांना एकदम सापडला. आणि शिराझ या लाल वाईनचा घोट घेतला तर गाल आतून ओढले गेले, मी म्हटलं हे तं कवठासारखं लागते, थोडं कच्चं राहिलेलं कवठ. ताईने लगेच समजावलं, द्राक्षाच्या सालीत आणि बियांत तुरटपणा असतो, लाल वाईन सालीसकट आंबवतात म्हणून तो उतरतो, पांढरीत साल आधीच काढून फक्त रस घेतात म्हणून ती अशी ओढत नाही. जास्त उकळलेला चहा, जांभूळ, सुपारी, सगळ्यात तेच. मग माझं कवठ तिने वहीत लिहून घेतलं, माझ्यासमोर, तारीख टाकून. तीस वर्षं मसाले भाजणाऱ्या बाईच्या नाकाला पहिल्यांदा कोणी हुशार म्हटलं असेल.

आमच्यातल्या एकीने विचारलं की मग ऑरेंज वाईन म्हणतात ती आपल्या संत्र्याची का. नाही, ती पांढऱ्या द्राक्षाचीच, सालीसोबत ठेवून रंग आलेली. मला जरा वाईट वाटलं, आपल्या नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा सरकारी शिक्का मिळाला तरी बारीक फळ आजही मातीमोल भावात जाते, त्याचं असं काही झालं असतं तर बरं झालं असतं.

सोबत खायला चीज वगैरे नव्हतं, हुरडा, खारे शेंगदाणे, भाजलेली वांगी, पाटोडीचा रस्सा. रस्सा मुद्दाम ठेवलेला. शिराझवर झणझणीत रस्सा खाल्ला की तिखट दुप्पट चढते, आणि त्याच रश्श्यावर गोडसर शेनिनचा घोट घेतला की जीभ शांत होते, हे आम्ही दोन दोन वेळा करून पाहिलं. शेवटी उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या गोड लेट हार्वेस्ट वाईनसोबत संत्रा बर्फी, त्यावर कोणी काही बोलायच्या मनःस्थितीतच नव्हतं, सगळ्या नुसत्या खात होत्या.

आता खटकलेलं. लाईन गेली. आमच्याकडे जाते हे सगळ्यांना माहीत आहे, मग फ्रीजवर विसंबून राहणं चूक आहे. सुरुवातीची स्पार्कलिंग म्हणजे फेसाची वाईन नीट गार नव्हती, झाकण उघडताच अर्धी टेबलावर सांडली आणि उरलेली नुसती आंबट सोड्यासारखी लागली. ही 6 ते 8 डिग्रीला हवी असते हे तिनेच सांगितलं आणि तिचीच चुकली. लाल वाईन मात्र तिने ओल्या वाळूत, माठ ठेवतो तशी पुरून ठेवली होती, ती बरोबर गार निघाली, पुस्तकातलं रूम टेम्परेचर थंड देशातलं आहे, 16 ते 18 डिग्रीचं, आपल्या मे महिन्यातल्या 45 चं नाही हे पण तिनेच सांगितलं. मग पांढरीसाठी बर्फाचा थर्माकोलचा डबा ठेवायला काय हरकत आहे? बर्फात पाणी आणि मूठभर मीठ टाकलं की अर्ध्या तासात बाटली गार होते. दुसरं म्हणजे संडास घरामागे लांब आहे आणि तिथे उजेड नाही. बायांसाठी धंदा करायचा तर हे आधी.

हिशोबाचं पण बोलते कारण मी स्वतः बचत गटाचा हिशोब पाहते आणि ताईला समोर बोलली आहे, तिने मानलं. 750 मिलीची बाटली, 50 मिलीचा घोट, म्हणजे एका बाटलीत 15 जणी. आम्ही पिणाऱ्या पाच, म्हणजे पाच बाटल्या फोडल्या आणि सांडलेली फेसाची सोडून प्रत्येक बाटलीत दोन तृतीयांश तशीच उरली. उघडलेली वाईन फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, मग चव जाते. सहा जणींच्या बॅचवर तिला काहीच सुटत नाही, उलट खिशातले जातात. मी म्हटलं 12 ते 14 ची बॅच कर, नाहीतर दर वेळी एकाच दिवशी सकाळ-दुपार दोन बॅच लाव, आठवड्यात पसरवू नको. आणि दर कमी करू नको, 900 बरोबर आहे, फक्त गटाने आल्या तर एकीचे माफ कर, बाया गटानेच येतात.

जाहिरात करता येत नाही म्हणून हा धंदा वाढणार तो तोंडातोंडीच, आणि आमच्याकडे बाईचा शब्द बाईच मानते. नाशिकला सुलाने 2005 मध्ये टेस्टिंग रूम उघडली तेव्हा तिथे पर्यटक होते, मुंबई-पुण्याचा रस्ता होता. इथे तसं काही नाही, चिखलदऱ्याला जाणारे लोक आहेत, लग्नाआधी माहेरी जमणाऱ्या बहिणी आहेत, शाळेतल्या मॅडम आहेत, बँकेतल्या मुली आहेत. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा केवढी बोंबाबोंब झाली होती, ताईचं घर पण तेव्हा लोकांनी ऐकवून सोडलं होतं म्हणे, म्हणून ती बाटली विकत नाही, घरी न्यायला देत नाही, फक्त चव. हे मला फार शहाणपणाचं वाटलं. आमच्यातली एक वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडची आहे, तिला तर बंदीच्या जिल्ह्यात बाटली नेताच आली नसती.

ताईने मुंबईला जाऊन डब्ल्यूएसईटी या वाईन शिकवणाऱ्या संस्थेचा लेव्हल 2 कोर्स केला आहे, कापसाचे पैसे आले त्यातून. तिच्या खोलीत सोनल हॉलंड यांचा फोटो आहे, 2016 मध्ये मास्टर ऑफ वाईन, म्हणजे वाईनमधली सगळ्यात मोठी मानतात ती पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. पण कर्जाला एका बँकेत गेली तर साहेबांनी पहिले विचारलं, मिस्टरांची सही कुठे आहे. वावर तिच्या नावावर, उद्यम रजिस्ट्रेशन तिच्या नावावर, तरी. मुद्रा कर्जाचा फॉर्म तिने परत भरला आहे, दुसऱ्या शाखेत. तिला खरं म्हणजे इन्व्हर्टर, चांगले 15 ग्लास आणि घरामागचा तो संडास, एवढ्याच पैशाची गरज आहे, फार मोठी नाही.

जायचं असेल तर चार दिवस आधी फोन करा, परवान्यासाठी नावं लागतात. पोटभर जेवून जा, उपाशी अजिबात नको. स्वतः गाडी चालवू नका, आमचा एसटीने जायचा विचार होता पण परतीची गाडी लवकर सुटते, म्हणून ऑटो सांगून ठेवला, येण्याजाण्याचे 700 लागले. लिपस्टिक लावली तर ग्लासाला लागते, बस एवढंच.

घरी आल्यावर सासूबाईंनी जवळ येऊन वास घेतला. मी त्यांना कवठाचं सांगितलं तर म्हणाल्या, "मंग कवठाची चटनी नेजो तिले, गूळ घालून." होळीनंतरच्या बॅचला आम्ही चौदा जणींची नावं दिली आहेत, चटणीची बरणी तयार आहे.