आठ महिने, एक छोटा गॅस स्टोव्ह आणि एक वजनकाटा : वापरानंतरचा अनुभव

कॅम्पिंगसाठी हा स्टोव्ह घेऊन आठ महिने झाले, त्यात एकूण एकवीस रात्री बाहेर काढल्या, कधी मी एकटा, कधी आम्ही तिघं, धो धो पावसात पण आणि दोन वेळा अशा गारठ्यात की सकाळी बाटलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. आता लिहायला हरकत नाही असं वाटतंय. स्टोव्ह घेतल्यावर चार दिवसांत लिहिलेले रिव्ह्यू वाचून मी पहिला स्टोव्ह घेतला होता आणि ती निवड साफ चुकली, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, सांभाळून घ्या.

तर पहिला स्टोव्ह घेतला होता तो फक्त वजन बघून. तीस ग्रॅमच्या आत, काडेपेटीएवढा. घरी गच्चीवर छान चालला. बाहेर दुसऱ्याच रात्री वारा सुटला, ज्योत एका बाजूला झुकली आणि भांडं ज्यावर टेकतं त्या तीन पायांपैकी एक लालबुंद झाला, माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू वाकला आणि भरलेलं भांडं कललं. मी पकडीने धरलं म्हणून वाचलं, नाहीतर सव्वा लिटर उकळतं पाणी माझ्या मांडीवर होतं. तेव्हापासून मी पाय आधी बघतो, वजन नंतर.

आत्ताचा आहे तो पण गॅसच्या छोट्या डब्यावर थेट आट्याने बसवायचाच बर्नर आहे, पण रेग्युलेटरवाला, म्हणजे गॅसचा दाब एकसारखा ठेवणारा, माझ्या काट्यावर 86 ग्रॅम भरतो, घडी केला की मुठीत मावतो. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण या धाटणीचे स्टोव्ह बरेच जण बनवतात आणि काय बघून घ्यायचं हे कळलं की नाव तुम्हीच शोधाल. याच्यात मला आवडलेली मुख्य गोष्ट म्हणजे बर्नरचं तोंड. ते वाटीसारखं खोलगट आहे, कडा उंच, आणि गॅस त्या कडांच्या आत जळतो. वाऱ्याची झुळूक आली तर ज्योत दबते पण विझत नाही, आणि भांड्याचा तळ त्या तोंडाला बऱ्यापैकी जवळ असल्याने मधून वारा घुसायला जागा कमी. दिसायला किरकोळ गोष्ट आहे, पण सपाट तोंडाचा आणि खोलगट तोंडाचा बर्नर शेजारी शेजारी वाऱ्यात लावून बघा, फरक लगेच कळेल.

आता वजनकाट्याचं सांगतो. घरात किचनचा डिजिटल काटा होता, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. मी प्रत्येक डबा निघण्याआधी आणि आल्यावर तोलायला लागलो आणि आकडा मार्करने डब्याच्या बुडावर लिहायला लागलो, किती लिटर पाणी उकळलं ते मोबाईलमध्ये. शिवाय गच्चीवर एकेक लिटर पाणी उकळून आधी-नंतर तोललं, तेच भांडं, तेच झाकण. आणि खरं सांगतो, या आकड्यांनी माझं मत पूर्ण बदललं. मी समजत होतो की गॅस कमी खाणारा स्टोव्ह आणि जास्त खाणारा स्टोव्ह असे दोन प्रकार असतात. तसं नाहीच. माझा हाच एक स्टोव्ह एका लिटरला साडेबारा ग्रॅम पण घेतो आणि सतरा पण घेतो, आणि उघड्या वाऱ्यात पंचवीस घेऊन वर पाणी नुसतं वाफाळतं, उकळत नाही.

हिशोब सोपा आहे. एक लिटर पाणी 20 अंशांवरून 100 वर न्यायला साधारण 335 किलोज्यूल लागतात, आणि या डब्यांमधल्या गॅसचा एक ग्रॅम जळला की 45 किलोज्यूलच्या आसपास उष्णता देतो. म्हणजे सगळीच्या सगळी पाण्यात गेली तर साडेसात ग्रॅममध्ये काम व्हायला पाहिजे. सतरा जातात म्हणजे निम्म्याहून जास्त गॅस आपण हवा तापवायला जाळतोय.

तो जातो कुठे? पहिली गोष्ट आच. फुल्ल सोडला की स्टोव्ह मस्त भर्रर्र आवाज करतो, सव्वाचार मिनिटात लिटर उकळतो आणि आपल्याला भारी वाटतं, पण वाकून बघा, ज्वाळा तळाखालून बाहेर येऊन भांड्याच्या कडेने वर चढत असतात, ती सगळी उष्णता फुकट. तीच आच मी निम्म्यावर आणली, म्हणजे ज्योत तळाच्या काठाच्या आतच राहील इतकी, तर सात मिनिटं लागली आणि साडेबारा ग्रॅममध्ये झालं. पावणेतीन मिनिटं जास्त थांबायचं आणि साडेचार ग्रॅम वाचवायचे. 100 ग्रॅमचा डबा घेतला तर एका हिशोबाने सहा लिटरला पुरतो आणि दुसऱ्याने आठला, एकट्या माणसाला हा फरक एका अख्ख्या दिवसाचा आहे.

दुसरी गोष्ट भांडं. उंच अरुंद मगसारखं भांडं सॅकमध्ये छान बसतं, डबा पण त्याच्या आत जातो, म्हणून सगळे तेच घेतात, मी पण घेतलं होतं. पण तळ लहान म्हणजे ज्योत बाहेर सांडणार. रुंद बुडाचं घेतल्यावर फरक पडला. आणि झाकण! झाकणाशिवाय पाणी उकळू नका एवढं तरी ऐकाच.

आता तळाला पंख्यासारख्या पट्ट्या जोडलेली भांडी मिळतात, हीट एक्स्चेंजरवाली. मित्राचं एक महिनाभर वापरलं. लिटरला दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे खरंच कमी, खोटं नाही. पण ते माझ्या साध्या भांड्यापेक्षा 160 ग्रॅम जड आहे. लिटरमागे अडीच ग्रॅम वाचवून ते 160 ग्रॅम भरून काढायला 64 लिटर पाणी उकळावं लागेल, दोन-तीन रात्रींच्या ट्रिपला ते शक्यच नाही. मग ते कोणाला? ग्रुप मोठा असेल त्यांना, आठ-दहा दिवस मधे कुठे गॅस मिळणार नाही त्यांना, आणि बर्फ वितळवून पाणी करायचं असेल त्यांना. बर्फाचं गणित बरेच जण विसरतात. एक किलो बर्फ नुसता वितळवायला 334 किलोज्यूल लागतात, म्हणजे जवळजवळ तेवढेच जेवढे साधं पाणी उकळवायला लागतात, आणि वितळलेलं पाणी शून्यावरून उकळवायचं ते वेगळंच, त्यामुळे गॅस दुपटीच्या वर धरूनच निघायचं. तिथे ते जड भांडं स्वतःचं वजन वसूल करतं.

डबे घेताना पण एक लक्षात ठेवा, 100 ग्रॅम गॅसचा छोटा डबा रिकामाच जवळपास 100 ग्रॅम भरतो, म्हणजे निम्मं वजन पत्र्याचं. दोन छोट्यांपेक्षा 230 चा एक परवडतो. आटेवाल्या डब्यांचं तोंड स्टँडर्ड असतं त्यामुळे एका कंपनीचा स्टोव्ह दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर बसतो, पण भोक पाडून लावायचे किंवा खाच फिरवून लावायचे डबे वेगळे, ते यावर बसत नाहीत. आणि विमानाने जाणार असाल तर डबा ना हातातल्या बॅगेत चालतो ना चेक-इनमध्ये, पोचल्यावर घ्यायची सोय आधी बघून ठेवा.

थंडीबद्दल जरा थांबून लिहितो कारण यात गैरसमज खूप आहेत. डब्यात गॅस द्रवरूपात असतो, आणि त्याची वाफ होऊनच तो वर येतो. साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे शून्याच्या आसपास तो डब्यात बसून राहतो, वर यायचं नावच घेत नाही. आयसोब्युटेन उणे 12 ला, प्रोपेन उणे 42 ला. म्हणून थंडीत जाणार असाल तर डब्यावरचं मिश्रण वाचून घ्या, आयसोब्युटेन आणि प्रोपेनवाला घ्या, नुसत्या ब्युटेनचा नको. शिवाय गॅस वर येताना डब्यातलीच उष्णता घेऊन येतो, त्यामुळे डबा आपोआप गार पडत जातो. त्या गारठ्यातल्या सकाळी मी हे अगदी जवळून बघितलं. स्टोव्ह लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला डब्याच्या बाहेरून खालच्या भागावर पांढरं हिव धरायला लागलं, बरोबर आत द्रव जिथपर्यंत होता तिथपर्यंत, वरचा भाग कोरडा, जशी कोणी रेघ मारली असावी. तसतसा आवाज भर्रर्र वरून फुर्रफुर्र वर आला. मी झाकणात थोडं कोमट पाणी ओतलं आणि डबा त्यात ठेवला, अर्ध्या मिनिटात ज्योत परत उभी राहिली. कोमट म्हणजे बोट बुडवता येईल इतकंच, उकळतं नाही, आणि डब्याला आच दाखवण्याचा विचार पण मनात आणू नका. आता मी थंडीत डबा रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपतो आणि सकाळी जमिनीवर न ठेवता फोमच्या तुकड्यावर ठेवतो.

रेग्युलेटरबद्दल दुकानात सांगतात की थंडीत पण चालतो. अर्धंच खरं. रेग्युलेटर दाब तयार करत नाही, असलेला दाब एकसारखा करून पुढे सोडतो. डबा संपत आला की साध्या स्टोव्हची आच मलूल होते, याची बरीच शेवटपर्यंत टिकते, हा फायदा मला खरोखर जाणवला. पण डब्यात वाफच होत नसेल तर रेग्युलेटर बिचारा काय करणार. कडाक्याच्या थंडीत रोज राहायचं असेल तर डबा उलटा करून वापरता येणारा नळीवाला स्टोव्ह किंवा पंप मारायचा लिक्विड फ्युएलचाच बरा. पंप मारून रॉकेलवर चालणारा प्रायमस 1892 चा, आणि त्याच तत्त्वावरचे स्टोव्ह आजही मोहिमांवर जातात ते उगाच नाही, फक्त पिन मारणं, आधी तापवणं, सुरुवातीचा भडका हे सगळं जमलं पाहिजे. मला रोजच्यासाठी नको वाटतं.

वाऱ्याला आडोसा हवाच, पण इथे हात जोडून सांगतो, डब्यावर बसणाऱ्या स्टोव्हला पत्र्याचा आडोसा गोल पूर्ण गुंडाळू नका. उष्णता आत कोंडते, डबा तापतो, तो फुटू शकतो. आमच्यातल्या एकाने हे केलं होतं, मी डब्याला हात लावला तर चटका बसला. ताबडतोब गॅस बंद केला आणि सगळे लांब झालो. आडोसा एका बाजूने, वारा येतो तिकडून, आणि डब्याला मधून मधून हात लावून बघायचा. गार किंवा कोमट असला तर ठीक.

आणि तंबूच्या आत स्टोव्ह लावू नका. पाऊस आहे, थंडी आहे, पाच मिनिटांचंच काम आहे, हे सगळं मला पण वाटतं. पण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, डोकं जड होतंय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मी पावसात पण बाहेरच्या छताखाली, दोन्ही बाजू उघड्या ठेवूनच लावतो.

स्पिरिटचा स्टोव्ह पण दोन ट्रिप नेला होता. आवाज शून्य, बिघडायला काही नाही, आणि एका रात्रीसाठी एकूण वजन गॅसपेक्षा कमी भरतं कारण जड डबा नाही. पण स्पिरिटमध्ये ग्रॅममागे उष्णता गॅसच्या निम्म्याहून थोडीच जास्त, त्यामुळे तीन-चार रात्री झाल्या की बाटलीच जड होते. दिवसाउजेडी ज्योत दिसत नाही, विझला समजून वरून स्पिरिट ओतलं तर हात भाजतो, हे लक्षात असू द्या. आणि बऱ्याच ठिकाणी वणव्याच्या दिवसांत नॉब फिरवून बंद न होणारे स्टोव्ह चालत नाहीत. इंधनाच्या वड्या मी फक्त अडीनडीला सॅकच्या तळाशी ठेवतो, भांड्याच्या बुडाला चिकट काळा थर धरतो तो घासून घासून जात नाही.

आता या स्टोव्हच्या तक्रारी. तिसऱ्या महिन्यात खटका मारून पेटवायचं बंद पडलं, दमट हवेत ठिणगी पडेना, नंतर कोरड्या हवेत पण कधी पडते कधी नाही. मी तसाही लायटर आणि प्लास्टिकच्या पिशवीत काडेपेटी नेतोच, त्यामुळे अडलं नाही, पण त्या खटक्याचे पैसे आणि वजन मोजलेत म्हटल्यावर मनाला लागतं. दुसरं, छोट्या डब्यावर भरलेलं भांडं ठेवलं की सगळं डुगडुगतं, त्याला खालून लावायचे तीन पायांचे प्लास्टिक स्टँड मिळतात, ते मी नंतर घेतलं, पहिल्या दिवशीच घ्यायला हवं होतं. तिसरं, नॉबची तार पातळ आहे, भांडं वर असताना हातमोजे घालून आच बारीक करणं जमत नाही. मंद आच मात्र सुंदर राहते, पंधरा मिनिटं शिजवत ठेवलं तरी तळाला करपलं नाही, हे आधीच्या स्टोव्हवर कधीच झालं नव्हतं.

आणि ओ-रिंग. स्टोव्हच्या आट्याच्या आत ती छोटी काळी रबरी रिंग असते, दर ट्रिपच्या आधी बघायची. मागच्या महिन्यात डबा बसवताना फिस्स आवाज आला आणि तो थांबेचना, म्हणून काढून बघितलं तर रिंगला केसाएवढी चीर गेलेली. मी स्टोव्ह जरा जास्तच आवळून बसवत होतो, त्यानेच गेली असावी. हाताने फिरवून टेकला की वर अगदी थोडा दाब, बस्स, तेवढं पुरतं. नवीन रिंग टाकून साबणाचं पाणी लावून बघितलं, एक पण बुडबुडा नाही. आता दोन जादा रिंगा लायटरच्याच पिशवीत असतात.