वेरो ई6 की कालू-3?

सार्स-कोव्ह-2 (कोविडचा व्हायरस) लॅबमध्ये वाढवायला कुठल्या पेशी घेऊ असा घोळ होत असेल तर आधी ठरव, नुसता भरपूर व्हायरस हवाय की तो माणसाच्या फुफ्फुसात कसा वागतो ते बघायचंय.

वेरो म्हणजे आफ्रिकन ग्रीन माकडाच्या किडनीच्या पेशी, 1962 पासून चालू आहेत, भराभर वाढतात, टाइप-1 इंटरफेरॉन (व्हायरसला रोखणारं प्रथिन) त्यांना बनवताच येत नाही म्हणून व्हायरसला रान मोकळं, दोन-तीन दिवसांत प्लाक (व्हायरसने पेशी मारल्याने पडलेले ठिपके) स्वच्छ दिसतात. कालू-3 माणसाच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमधून आलेल्या, वाढायला जाम आळशी.

पण खरी गोम पुढेच आहे. वेरोत टीएमपीआरएसएस-2 हे एन्झाइम (पेशीच्या पृष्ठभागावर व्हायरसचा काटा, म्हणजे स्पाइक, कापून त्याला थेट आत घेणारं) जवळपास नसतं, मग व्हायरस एंडोसोमच्या (पेशीतल्या पिशवीच्या) वाटेने शिरतो आणि पुन्हापुन्हा पॅसेज केलं (वाढलेला व्हायरस नव्या पेशींत टाकला) की स्पाइकमधली फ्युरिनची कट साइटच (फ्युरिन हे एन्झाइम जिथे कापतं ती जागा) गळून पडू शकते, म्हणजे वाढवलं एक नि हातात भलतंच! कालू-3 मध्ये ते एन्झाइम असतं, साइट टिकते. क्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाचंही तेच झालं, ते एंडोसोमची वाट अडवतं म्हणून वेरोत चाललं, कालू-3 मध्ये नाही.

तेव्हा टायट्रेशन (व्हायरस किती आहे ते मोजणं), न्यूट्रलायझेशन (अँटीबॉडी व्हायरसला रोखतात का ते बघणं) टेस्टला वेरो बिनधास्त घे. औषध तपासायचं असेल किंवा बरेच पॅसेज करायचे असतील तर कालू-3, वेळ लागला तरी. स्टॉकचं (वाढवलेल्या व्हायरसच्या साठ्याचं) सिक्वेन्सिंग (जनुकीय क्रम तपासणं) मात्र दोन्हीकडे करायचंच.