मस्टर्ड वायूवर उतारा: फुलर्स अर्थ की ब्लीचिंग पावडर?

मस्टर्ड वायू म्हणजे कातडीवर फोड आणणारे रासायनिक अस्त्र; नाव वायू, पण मूळ रूप तेलकट द्रव. कातडीवर त्याचा थेंब पडला तर आधी फुलर्स अर्थ, म्हणजे मुलतानी मातीच्याच जातीची पावडर. भुरभुरवून थेंब टिपून घ्यायचा. चोळला की पसरतो. खरा फायदा पहिल्या एक-दोन मिनिटांतच. मात्र माती विष शोषते, मोडत नाही. वापरलेल्या पावडरीतून वाफ सुटू शकते, म्हणून मास्क काढायची घाई नको.

ब्लीचिंग पावडर ऑक्सिडीकरण करून रेणूच मोडते. पण कोरडी पावडर द्रव मस्टर्डवर थेट टाकली तर उष्णतेने पेट घेऊ शकते; पाण्यात कालवून किंवा मातीत मिसळूनच वापरावी. जमिनीसाठी उत्तम, धातूला मात्र गंज चढवते. दमट कोठारात तिचा क्लोरीन उडतो. जुन्या पोत्यावर भरवसा कसला?