क्यू-एनआरजी प्लस : ट्रान्सप्लांट आयसीयूतल्या डाएटिशियनचं मत

मी पुण्यात लिव्हर ट्रान्सप्लांटच्या आयसीयूत डाएटिशियन आहे. इटलीच्या कॉस्मेड कंपनीचं हे इनडायरेक्ट कॅलरीमीटर, म्हणजे श्वासातल्या वायूंवरून शरीर किती कॅलरी जाळतंय ते मोजणारं मशीन, माझ्या रोजच्या वापरात आहे. आमच्याकडे वजनाचा काटा काही कामाचा नसतो. जलोदर, पायांवर सूज, त्यात ऑपरेशनमध्ये चढवलेलं सलाइन. एका पेशंटचं वजन भरलं ८४ किलो, पाणी वजा जाता अंदाजे ६६. किलोमागे २५ कॅलरी धरल्या तर एका वजनाने २१००, दुसऱ्याने १६५०. पाचव्या दिवशी मशीन लावलं : मिनिटाला ऑक्सिजन २७० मिली आत, कार्बन डायऑक्साइड २२२ मिली बाहेर. वेअरच्या १९४९च्या सूत्राने झाल्या साधारण १८९० कॅलरी. दोन्ही अंदाज चुकले होते! त्यातूनही प्रोपोफॉल (चरबीच्या द्रावणातलं गुंगीचं औषध) चालू असेल तर मिलीमागे १.१ कॅलरी वजा करा, हे फीड लिहिताना हमखास राहून जातं.

स्थिर पेशंटचं माप दहा-पंधरा मिनिटांत होतं, म्हणून राउंडच्या आधी जमतं. पण आकडा आला की लगेच फाइलवर चढवायचा नाही, आधी आरक्यू बघायचा, म्हणजे बाहेर आलेला कार्बन डायऑक्साइड भागिले आत घेतलेला ऑक्सिजन. परवा ०.६१ दिसला, शरीरात इतका कमी नसतो. कान देऊन ऐकलं तर श्वासाच्या ट्यूबच्या कफमधून (तिच्याभोवतीच्या हवेच्या फुग्यातून) बारीक सूंऽ आवाज. सिस्टरनी कफचं प्रेशर ठीक केलं, पुन्हा मोजलं, ०.७९. सक्शन किंवा स्पंजिंग नुकतंच झालं असेल तर अर्धा तास थांबायचं. सीआरआरटी (सलग चालणारं डायलिसिस) चालू असताना थोडा कार्बन डायऑक्साइड डायलिसिसच्या पाण्यातून जातो, तेव्हा आकडा जपूनच घ्यायचा.

व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन ७० टक्क्यांच्या वर असला की मशीन बाजूला ठेवायचं. म्हणजे सगळ्यात अत्यवस्थ पेशंटच सुटतात. एक्मोवरही (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र) नेहमीच्या पद्धतीने मोजता येत नाही. ट्यूब काढलेल्यांना कॅनोपी (डोक्यावर ठेवायचं पारदर्शक झाकण) आहे, पण हाय फ्लो (नाकातून जोरात सोडलेला ऑक्सिजन) लावलेल्याला तिचा उपयोग नाही. आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडा आला म्हणून तेवढं सगळं द्यायचं नसतं; त्या आकड्याच्या ७० टक्क्यांच्या आत राहून हळूहळू वाढवायचं, हे नव्या रेसिडेंटना दर बॅचला सांगावं लागतं.

पाचपैकी चार. छोट्या आयसीयूला परवडेल असं वाटत नाही, पण ट्रान्सप्लांट होत असतील तर घ्याच. घेतलंत तर नाइटच्या दोन सिस्टरना शिकवून ठेवा, नाहीतर डाएटिशियनच्या सुट्टीला मशीनलाही सुट्टी.