‘ट्रान्स्फर ऑफ पॉवर’चे खंड वर्गात: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

वसाहतवादी सत्तेचा अंत हा विषय आपल्याकडे अकरावी-बारावीच्या वर्गात बहुधा उत्तरापासूनच सुरू होतो. ‘पुढील विधान सकारण स्पष्ट करा’ हा नेहमीचा प्रश्नप्रकार पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजांना भारत सोडणे भाग पडले, हे विधान विद्यार्थ्याच्या हाती खरे म्हणूनच पडते आणि त्याने त्याखाली चार-पाच कारणे रचायची असतात. विधान अर्धेच खरे आहे किंवा ते सिद्ध करायला हाताशी पुरेसा पुरावा नाही, असे म्हणायला त्या प्रश्नात जागा नसते. निदान वर्गात तरी ती जागा असावी, या हेतूने गेल्या जूनपासून मी ‘द ट्रान्स्फर ऑफ पॉवर’ या बारा खंडांच्या दस्तऐवज-संग्रहातील निवडक कागद मराठी माध्यमाच्या कनिष्ठ महाविद्यालयात वापरत आहे. हा संग्रह अभ्यासकांसाठी तयार झालेला आहे, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी नव्हे. त्यामुळे त्याचे मोल इतिहासलेखनात काय, यापेक्षा तो वर्गात कसा चालतो, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

ज्यांनी हे खंड पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडी माहिती. ब्रिटिश सरकारने १९६७ मध्ये या प्रकल्पाची घोषणा केली. निकोलस मॅन्सर्ग प्रमुख संपादक होते आणि १९७० ते १९८३ या काळात सर्व खंड प्रसिद्ध झाले. जानेवारी १९४२ मधील क्रिप्स शिष्टाईच्या पूर्वतयारीपासून १५ ऑगस्ट १९४७ पर्यंतचा पत्रव्यवहार, तारा, मंत्रिमंडळाची टिपणे आणि बैठकींची इतिवृत्ते त्यांत तारखेनुसार लावलेली आहेत. प्रत्येक कागदाला क्रमांक आहे आणि खंडाच्या सुरुवातीला सर्व कागदांचा सारांश विषयवार दिलेला आहे. शिक्षकाच्या दृष्टीने या संग्रहातील सर्वांत उपयुक्त भाग हा सारांशच होय. हजारभर पानांच्या खंडातून तासाला पुरतील असे दोन-तीन कागद निवडायचे, तर त्याच्याशिवाय निभाव लागणार नाही.

सर्वांत चांगला अनुभव आला तो सहाव्या खंडाचा. ऑगस्ट १९४५ ते मार्च १९४६ हा त्याचा काळ. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रावरील खलाशांनी संप पुकारला. दुसऱ्याच दिवशी, १९ फेब्रुवारीला, ब्रिटिश पार्लमेंटमध्ये पेथिक-लॉरेन्स, क्रिप्स आणि अलेक्झांडर या तीन मंत्र्यांचे शिष्टमंडळ भारतात पाठवण्याची घोषणा झाली. एवढ्या दोन तारखा फळ्यावर लिहिल्या की वर्गाचा निष्कर्ष ठरलेला असतो: खलाशी उठले, इंग्रज घाबरले, शिष्टमंडळ आले. मुंबईच्या मुलांना तर हे फारच पटते, कारण कुलाबा, फोर्ट आणि परळ-लालबाग हा त्यांच्या ओळखीचा भूगोल आहे आणि त्या दिवसांत या शहरातील रस्त्यांवर झालेल्या गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मारले गेले, हे ऐकून वर्ग गंभीर होतो.

त्यानंतर शिष्टमंडळ पाठवण्याचा विचार आणि निर्णय जानेवारीतच झाल्याचे दाखवणारे कागद मी त्यांच्यापुढे ठेवले. निष्कर्ष कोसळला, आणि वर्ग तितक्याच उत्साहाने दुसऱ्या टोकाला गेला. उठावाचा काहीच परिणाम झाला नाही, असे आता सगळे म्हणू लागले. तेव्हा तिसरा कागद दिला. सरसेनापती ऑकिन्लेक यांनी १९४५ च्या अखेरीस देशातील अंतर्गत परिस्थितीबद्दल केलेल्या मूल्यमापनाचा तो भाग होता. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात खटला चालू असताना, भारतीय सैन्यावर कितपत विसंबता येईल या प्रश्नाने लष्करी नेतृत्वाला आधीच घेरले होते, हे त्यातून दिसते. म्हणजे फेब्रुवारीच्या संपामुळे निर्णय झाला नाही हे खरे. पण तो निर्णय ज्या भीतीच्या छायेत झाला ती भीती अनाठायी नव्हती, हे संपाने सिद्ध केले, असेही म्हणता येते. जानेवारी १९४६ मध्ये कराचीजवळच्या तळापासून सुरुवात करून खुद्द ब्रिटिश हवाई दलाच्या सैनिकांनी, मायदेशी परत पाठवायला उशीर होतो म्हणून, संप केले होते, ही माहिती शेवटी दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की मग या कारणांचा क्रम लावायचा तरी कसा. हा प्रश्न वर्गातून येणे, हेच या खंडाचे फलित आहे असे मला वाटते. पाठ्यपुस्तकातील मुद्द्यांची यादी वाचून तो कधीच आला नव्हता, कारण यादीत सर्व कारणे एकाच उंचीची असतात आणि कोणतेही कारण दुसऱ्याच्या आधी किंवा नंतर घडत नाही.

खलाशांच्या मागण्या मात्र स्वतंत्रपणे वाचून घ्याव्यात. अन्न, पगार आणि अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांच्या जोडीला आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलावणे या मागण्याही त्यांत होत्या. डच सत्ता पुन्हा प्रस्थापित होण्यासाठी आपले सैनिक वापरले जाऊ नयेत, असे मुंबईच्या बंदरातील तरुण म्हणत होते, ही गोष्ट बहुतेक मुलांना पूर्णपणे नवी होती. वसाहतींचा अंत ही एका देशाची घरगुती बाब नव्हती, हे मला वेगळे सांगावे लागले नाही.

दुसऱ्या खंडाचा उपयोग मी एकाच जोडीसाठी केला, पण तीही तितकीच परिणामकारक ठरली. ३१ ऑगस्ट १९४२ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी चर्चिल यांना पाठवलेल्या तारेत म्हटले आहे की, आपण १८५७ नंतरच्या सर्वांत गंभीर बंडाला तोंड देत असून त्याचे गांभीर्य आणि व्याप्ती लष्करी सुरक्षिततेसाठी आतापर्यंत जगापासून लपवली आहे. त्यानंतर दहा दिवसांनी, १० सप्टेंबरला, चर्चिल यांनी कॉमन्स सभागृहात भारतातील परिस्थिती सुधारत असून एकंदरीत दिलासादायक आहे, असे निवेदन केले. दोन्ही उतारे समोरासमोर ठेवले आणि फक्त विचारले की कोण कोणाशी बोलत आहे. खाजगी कागद आणि जाहीर निवेदन यांतला फरक मुलांना व्याख्येविना कळला. दहा दिवसांत परिस्थिती खरोखरच निवळली असेल, ही शक्यताही एका गटाने मांडली आणि ती तपासण्यासाठी त्या दहा दिवसांत चिमूर, आष्टी, नंदुरबार इथे काय घडले याची टाचणे त्यांनी स्वतः काढली. नंदुरबारचा शिरीषकुमार ९ सप्टेंबरला, म्हणजे त्या निवेदनाच्या आदल्या दिवशी, गोळीबारात मरण पावला होता. चिमूरचा उद्रेक १६ ऑगस्टचा, म्हणजे तारेच्याही आधीचा, त्यामुळे तो या प्रश्नाच्या कामाचा नाही, हेही त्याच गटाने सांगितले.

आता त्रुटींकडे वळतो, कारण त्या थोड्या नाहीत. पहिली त्रुटी संग्रहापेक्षा त्याच्या वापरातून उद्भवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात ‘सगळेच पक्षपाती असतात’ हे वाक्य वारंवार ऐकू येऊ लागले. प्रत्येक कागदावर तोच शेरा मारायचा आणि विचार थांबवायचा, ही पळवाट हुशार मुलांना फार लवकर सापडते. ती बंद करण्यासाठी प्रश्न बदलावा लागला. हा कागद विश्वसनीय आहे का, असे न विचारता हा कागद कोणत्या प्रश्नासाठी विश्वसनीय आहे, असे विचारू लागलो. लिनलिथगो यांची तार १९४२ च्या आंदोलकांना काय हवे होते हे सांगण्यासाठी निरुपयोगी आहे, परंतु सरकार किती धास्तावले होते यासाठी तिच्याइतका चांगला साक्षीदार मिळणे कठीण, कारण बंडाचे गांभीर्य फुगवून सांगण्यात व्हाइसरॉयचीच नामुष्की होती. या वळणानंतर चर्चेला पुन्हा बळ आले. पाठांतरावर गुण मिळवणारी काही मुले मात्र शेवटपर्यंत नाराज राहिली. ‘सर, पण परीक्षेत काय लिहायचे’ ही त्यांची तक्रार अवाजवी म्हणता येत नाही.

दुसरी मर्यादा संग्रहाच्या स्वभावातच आहे. हे सर्व कागद ब्रिटिश सरकारी दप्तरांतील आहेत. गांधी, नेहरू, जिना, आंबेडकर यांचे लेखन त्यांत येते ते प्रामुख्याने व्हाइसरॉय किंवा मंत्र्यांशी झालेल्या व्यवहाराच्या निमित्ताने. सातारा जिल्ह्यात नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव न्यायदान, दारूबंदी आणि सावकारांना आळा घालण्याचे जे काम चालवले, त्याचे स्वरूप दिल्ली-लंडनच्या तारांमधून उलगडणार नाही. सतत याच कागदांवर पोसलेला वर्ग नकळत व्हाइसरॉयच्या खुर्चीत बसून विचार करू लागतो. माउंटबॅटन यांची अडचण काय होती, हे मुले अस्खलित सांगू लागली, तेव्हा मी बारावा खंड काही आठवडे बाजूला ठेवला आणि घटना समितीतील डिसेंबर १९४६ ची भाषणे आणि प्रतिसरकारच्या आठवणी वाचायला दिल्या. भारतीय इतिहास संशोधन परिषदेचे ‘टुवर्ड्‌स फ्रीडम’ हे खंड यासाठी अधिक योग्य आहेत, मात्र तेही इंग्रजीत आणि तितकेच जाडजूड.

बारावा खंड परत आणला तो सीमेच्या प्रश्नासाठी. जून १९४८ ही मुदत ऑगस्ट १९४७ वर का आली, याची उत्तरे त्या वेळच्या टिपणांत वेगळी मिळतात आणि माउंटबॅटन यांनी पुष्कळ वर्षांनी मुलाखतींत सांगितलेल्या आठवणींत वेगळी. जपानच्या शरणागतीचा दुसरा स्मृतिदिन म्हणून आपण ही तारीख निवडली, हे त्यांचे नंतरचे सांगणे मुलांना अतिशय आवडते आणि म्हणूनच ते तपासायला लावणे सोपे जाते. पण संग्रह १५ ऑगस्टला थांबतो. फाळणीची सीमा ठरवणारा रॅडक्लिफ यांचा निवाडा १७ ऑगस्टला जाहीर झाला. तोपर्यंत मुर्शिदाबादमध्ये पाकिस्तानचा झेंडा होता आणि तो जिल्हा भारतात आला, तर खुलना पाकिस्तानात गेला. एक कोटीहून अधिक माणसे घरे सोडून निघाली, ती बहुतांशी या बारा खंडांच्या शेवटच्या पानानंतर. सत्तांतर ही कागदावर पूर्ण होणारी क्रिया आहे, असा समज संग्रहाच्या या शेवटामुळे होऊ शकतो आणि शिक्षकाने तो आवर्जून मोडावा लागतो.

आमच्या वर्गात नांदेड आणि परभणीकडची काही मुले आहेत. त्यांच्यामुळे ही चर्चा आपोआप पुढे गेली, कारण त्यांच्या घरी १७ सप्टेंबर १९४८ या तारखेला १५ ऑगस्टपेक्षा कमी महत्त्व नाही. हैदराबाद संस्थानातील रझाकारांच्या अत्याचारांबद्दल त्यांनी आजी-आजोबांकडून ऐकलेले होते. पोलीस कारवाईनंतरच्या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीबद्दल मात्र कोणीच ऐकलेले नव्हते. इंग्रजांच्या कागदांना लावलेली कसोटी आपल्या सरकारच्या कागदांनाही लावायची का, यावर झालेला तो तास वर्षातला सर्वांत अवघड होता आणि पुढच्या वर्षीही मी तो गाळणार नाही. गोव्यासाठी पोर्तुगालची १९५१ ची घटनादुरुस्ती पुरेशी ठरली. वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नाव दिले की वसाहत उरतच नाही, हा युक्तिवाद वर्गाने दहा मिनिटांत खोडून काढला, पण डिसेंबर १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत त्याच्यावर गंभीरपणे वाद झाला, याचे त्यांना नवल वाटले.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी. प्रत्येक इंग्रजी कागदाचा मराठी सारांश शिक्षकालाच तयार करावा लागतो आणि त्यात वेळ जातो. एका पानापेक्षा मोठा उतारा मी आता देत नाही. अभ्यासक्रम पूर्ण करून वर्षात अशा चार-पाच प्रकरणांपेक्षा जास्त काही बसत नाही. चाचणीत ‘सकारण स्पष्ट करा’च्या जोडीला ‘हे विधान पटण्यासाठी तुम्हाला आणखी कोणता कागद पाहायला आवडेल’ हा एक प्रश्न मी ठेवतो. त्याची उत्तरे तपासायला कठीण आहेत, गुणदानाची पद्धत अजून समाधानकारक बसलेली नाही, आणि तरीही उत्तरपत्रिकेतला वाचण्यासारखा भाग बहुतेक वेळा तोच असतो. संपूर्ण संच शाळा-महाविद्यालयाने विकत घेण्याच्या मागे लागू नये. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो मिळण्याची शक्यता असते. सुरुवात सहाव्या खंडाने करावी. फेब्रुवारी १९४६ चे प्रकरण तीन तासांत नीट होते, फक्त तिसरा कागद पहिल्या दिवशी वाटू नये.