परसबागेतील मधुमका : दाट लावावा की विरळ?

परसात तीन मीटर लांब आणि तेवढाच रुंद वाफा मोकळा असेल, तर मधुमका लावताना पहिला प्रश्न अंतराचा पडतो. दोन ओळींत 45 आणि दोन रोपांत 20 सेंटिमीटर अंतर ठेवले, तर अशा वाफ्यात शंभराच्या आसपास रोपे बसतात. तेच 60 बाय 30 धरले, तर जेमतेम पन्नास. मी दोन्ही अंतरांवर मका घेतला आहे. कुंपणाकडेने एकच लांब ओळ लावण्याचा पर्याय मात्र मी विचारात घेतलेला नाही, कारण मक्याचे परागीभवन वाऱ्यावर होते, कणसाचा एकेक केस एकेका दाण्याशी जोडलेला असतो आणि एकेरी ओळीतले बरेचसे पराग त्या केसांवर न पडता वाऱ्याबरोबर भलतीकडे जातात. त्यामुळे लावणी दाट असो वा विरळ, ती चौकोनी वाफ्यातच हवी.

दाट लावणीच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. पानांची सावली लवकर मिळते, त्यामुळे खुरपणी कमी होते आणि ओल टिकते. तुरे जवळजवळ असल्याने परागांची ददात नसते. विरळ वाफ्यात पहिला महिनाभर तण जोर करते, आणि मोकळी जागा मिळाल्यामुळे बुंध्याशी फुटवेही अधिक येतात. फुटव्यांचा त्रास मला जाणवलेला नाही, ते मी काढतही नाही. तणावर उपाय म्हणून ओळींच्या मध्ये मेथी टाकतो, ती मका मोठा होण्याआधी भाजीला निघते.

खताकडे वळले की पारडे हलू लागते. मका खादाड पीक आहे. हेक्टरी 120 किलो नत्र हे मक्यासाठी सर्रास सांगितले जाणारे प्रमाण घेतले, तर आपल्या नऊ चौरस मीटरच्या वाफ्याला 108 ग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे 235 ग्रॅम युरिया लागतो. चांगले कुजलेले शेणखत आधी भरपूर मिसळले असेल, तर मी यात बरीच काटछाट करतो; तरीही निव्वळ शेणखतावर मका शेवटपर्यंत तसाच हिरवागार राहिल्याचे मला दिसलेले नाही, कारण त्यातील नत्र सावकाश सुटते आणि मक्याची भूक पोटरीच्या सुमारास, म्हणजे तुरा अजून पानांत दडलेला असताना, एकदम वाढते. म्हणून युरियाचे तीन हप्ते करावे लागतात : पेरणीच्या वेळी, रोपे गुडघाभर झाल्यावर आणि तुरा बाहेर पडण्याच्या आधी.

माझा निर्णय झाला तो या तिसऱ्या हप्त्यामुळे. त्या वेळी मका छातीपर्यंत आलेला असतो. 45 सेंटिमीटरच्या ओळीत तेव्हा माणसाला शिरताच येत नाही. पानांच्या कडा करवतीसारख्या दंडांवर आणि मानेवर ओढल्या जातात, घामाने ते ओरखडे दिवसभर चुरचुरतात, आणि बुंध्यापर्यंत हात पोहोचत नसल्याने खत वरूनच फेकण्याचा मोह होतो. असे फेकलेले दाणे पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या पानांच्या सुरळीत, अडकतात, तिथल्या ओलीत विरघळतात आणि कोवळ्या पानांवर पांढुरके, करपलेले पट्टे उमटतात. शिवाय कडेच्या रोपांना खत मिळते आणि मधली उपाशी राहतात. दाट वाफ्यात मधल्या रोपांची कणसे आखूड आणि शेंड्याकडे रिकामी निघाली, ती मला वाटते याच कारणाने. मी मोजमाप ठेवलेले नाही. पण सोललेली कणसे शेजारी शेजारी ठेवल्यावर, पन्नास रोपांच्या वाफ्याने पदरात टाकलेला खाण्याजोगा दाणा शंभर रोपांच्या वाफ्यापेक्षा फारसा कमी नव्हता.

60 सेंटिमीटरच्या ओळीत मी उकिडवा बसून बुंध्यापासून चार बोटे दूर खत देऊ शकतो, ते मातीआड करून बुंध्याला मातीची भर देऊ शकतो आणि जाता जाता लष्करी अळीसाठी प्रत्येक पोंगा पाहू शकतो. पावसाळी वाऱ्यात मका लोळू नये म्हणून ही भर फार कामाची ठरते, आणि दाट वाफ्यात नेमकी तीच राहून जाते.

ज्यांच्याकडे ठिबक आहे आणि युरिया पाण्यातूनच सोडण्याची सोय आहे, त्यांना ही अडचण येणार नाही; त्यांनी दाट लावणी अवश्य करून पाहावी, फक्त 20 सेंटिमीटरऐवजी 25 ठेवावे, असे सुचवावेसे वाटते. हाताने खत देणाऱ्याने 60 बाय 30 धरलेले बरे. वाफ्याचा अर्धा भाग आधी आणि उरलेला दहा-बारा दिवसांनी पेरला, तर सगळी कणसे एकदम चिकात येत नाहीत. मात्र हे दोन भाग ओळींना आडवे पाडावेत, म्हणजे दोन्ही पेरण्यांचे आपापले चौकोन राहतात. तिसऱ्या हप्त्यानंतर युरिया देऊ नये. केस बाहेर आल्यापासून ते सुकून तपकिरी होईपर्यंत पाण्याचा ताण मात्र अजिबात पडू देऊ नये.